चिंचेपासून अकरा पावलं

टाच दोनदा आपटायची, थांबायचं, आणि समोरच्याने काही बोलायला तोंड उघडलं की हात वर करायचा. "थांब. आदी त्याला बोलू दे." यातला 'तो' म्हणजे रस्त्याखालचा व्हॉल्व्ह. डांबराच्या खाली, लोखंडी नळात बसलेला. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, झालं, माझ्या नशिबी नेमका हाच माणूस यायचा होता!

असा माणूस तुम्हीही पाहिलाय. नक्की पाहिलाय, फक्त लक्ष दिलेलं नाही. जुनी मोपेड, तिला आडवी बांधलेली छातीएवढी लोखंडी चावी, रस्त्याच्या मधोमध थांबून तो एक झाकण उचलतो, चावी आत सोडतो, गरागरा फिरवतो आणि निघून जातो. आपण मागून हॉर्न मारतो. थोड्या वेळाने आपल्या घरी नळाला पाणी येतं, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे आपल्या डोक्यातही येत नाही. ह्या माणसाला व्हॉल्व्हमन म्हणतात. बोलताना सगळे व्हॉल्व्हला वॉल म्हणतात आणि त्याला वॉलमन. भोसरीच्या त्या भागात लहानथोर सगळे त्यांना पाणीवाले मामा म्हणायचे. मीही शेवटपर्यंत मामाच म्हटलं, तेव्हा नाव राहू दे.

मी मूळची परभणीकडची. थेरगावात डांगे चौकाजवळ दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. नोकरी नकाशाची. म्हणजे एक यंत्र घेऊन उन्हातान्हात हिंडायचं, पाहिजे त्या जागी उभं राहायचं, ते यंत्र आकाशातल्या उपग्रहांना विचारून आपण कुठे आहोत ते सांगतं, मग बटण दाबायचं. नकाशात त्या जागी ठिपका बसतो. आम्ही त्याला पिन म्हणतो. पाणी खात्याने आमच्या कंपनीला काम दिलं होतं की या भागातला जमिनीखालचा एकूण एक व्हॉल्व्ह नकाशावर घ्या, म्हणजे उद्या कुणीही नवा माणूस फोन उघडेल आणि बरोब्बर झाकणावर जाऊन उभा राहील. मामांच्या रिटायरमेंटला दीड महिना राहिला होता. "त्यांच्या डोक्यातलं सगळं उतरवून घ्या," आमचे साहेब मला म्हणाले. जसं काही मामांचं डोकं म्हणजे पेनड्राइव्ह.

पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. ऊन मी म्हणत होतं. उड्डाणपुलाशेजारी रस्त्यात पहिलं झाकण होतं. मी काय केलं, झाकणापासून चार पावलं सरकून पुलाच्या सावलीत उभी राहिले आणि बटण दाबलं. आता पुलाखाली उपग्रहाचं नीट पोचत नाही, सिग्नल काँक्रीटवर आपटून भलतीकडून येतो, हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण ऊन! मामा जवळ आले.

"तुजा फोन काय म्हनतोय?"

मी दाखवलं. माझी पिन रस्ता ओलांडून, भिंत ओलांडून एका कारखान्याच्या कँटीनमध्ये जाऊन बसली होती. मामांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

"बरं. आन जिमीन काय म्हन्ती?" असं म्हणून त्यांनी झाकणावर टाच आपटली. ठण्ण आवाज आला. मी मुकाट्याने उन्हात गेले.

मग दीड महिना प्रत्येक ठिकाणी हेच दोन प्रश्न. आधी फोनला विचारायचं, मग जमिनीला. फोन आणि जमीन एका मताची निघाली की मामांना कोण आनंद व्हायचा! वर आकाशाकडे बघून म्हणायचे, "वरचा हुशार हाय. पर सावलीतलं त्याला दिसत न्हाई."

एकदा त्यांना मी माझं जुनं पाप सांगितलं. त्याआधी मी चाकणला कंपन्यांची गेटं नकाशावर टाकायचं काम करत होते. दिवसभर फिरफिर फिरायचं, नोंद मनात ठेवायची आणि चहाला थांबलं की बटण दाबून जतन करायची. त्यामुळे झालं असं की चाकणमधल्या बऱ्याच कंपन्यांची पिन कंपनीच्या गेटवर नसून जवळच्या चहाच्या टपरीवर आहे. माझ्या एका पिनच्या भरवशावर एक भलामोठा ट्रेलर बोळात शिरला आणि टपरीच्या छपराला नाक लावून उभा राहिला. ड्रायव्हर बिचारा परमुलखातला. फोन पुढे करून टपरीवाल्याला सांगत होता की कंपनी यहीं है, आणि टपरीवाला त्याला चहा देत होता.

मामा हसून हसून खाली बसले. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. "मंजी समद्या कंपन्या च्याच्या टपरीत!"

"मामा, एवढं कामून हसायलात? लोकांचे हाल झाले की."

"तसं न्हाई गं पोरी. मानूस जितं दम खातो, तितंच त्याची खून ऱ्हाते. आमचंबी तसंच हाय."

त्याचा अर्थ मला पुढे कळला. मामांच्या सगळ्या खुणा तशाच होत्या. हा वॉल गिरणीच्या ओट्यापासून सात पावलं. तो म्हसोबापासून चार, शाळेकडं तोंड करून. हा पिंपरणीच्या सावलीच्या कडेला, दुपारच्या सावलीच्या, सकाळच्या नव्हे. गंमत अशी की यातलं निम्मं आता जागेवर नाही. ओटा गेला, तिथे मोबाइलचं दुकान आहे. पिंपरण गेली, तिथे एटीएम आहे. पण मामा त्या एटीएमसमोर उभे राहून "ही बग पिंपरन" म्हणायचे, हाताने फांदी बाजूला केल्यासारखं करायचे आणि मोजत निघायचे. आणि काय सांगू, झाकण तिथेच निघायचं! टाच, कांब, कान, आणि वरचं डांबर खरवडलं की लोखंड. लोखंडी कांब त्यांची स्वतःची होती, मनगटाएवढ्या मुठीची. ती रस्त्यावर टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. मी नकाशाशास्त्र शिकलेली बाई, मला विश्वास ठेवायला चांगले आठ दिवस लागले. नंतर मात्र मी दररोज थक्क होत होते. माणसाच्या तळपायात एवढं मावतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

चालताना त्यांची माझ्या मागे ओढाताण व्हायची. मी उंच, त्यात घाईची. "उंटावानी काय चालतीस गं? माजी दोन व्हत्यात तवा तुजं एक." मग स्वतःच म्हणायचे, "मीबी आसाच व्हतो. ह्या गुडघ्यांनी दावा साधला."

अर्धं काम झालं तेव्हा एक दिवस मी चहाच्या बाकावर लॅपटॉप उघडला आणि त्यांना सगळा नकाशा दाखवला. त्यांनी सांगितलेल्या लाइनी निळ्या, व्हॉल्व्ह लाल. भोसरीचा तेवढा तुकडा वरून दिसत होता, पत्रे, गच्च्या, कारखान्यांची छपरं, आणि त्यांच्या खालून गेलेली ती निळी जाळी. मामांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"हे समदं माजं?"

"हो मामा. तुम्ही सांगितलेलं."

"तीस वर्सं मुंगीवानी हिंडलो गं खालनं. वरनं कदी बगितलंच न्हाई." त्यांनी मोठ्या मायेने पडद्यावर बोट ठेवलं. पडदा बोटाने हलणारा होता, नकाशा सर्रकन उत्तरेला पळाला. "आरं आरं! चाकनला कुटं चाललं पानी!"

मी नकाशा परत जागेवर आणला. ते त्यातल्या एका जागेकडे बघत राहिले. तिथे लाल ठिपका नव्हता. निळी लाइन मोठ्या रस्त्याखालून खालच्या आळीत उतरत होती, आणि उतरताना मध्ये कुठेही व्हॉल्व्ह नव्हता.

"हितं एक हाय," मामा म्हणाले. "चिंचंखालचा."

मग ते जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षी जुन्या मिस्त्रींनी त्यांना तिथे नेलं होतं. रस्त्याकडेला मोठी चिंच होती. मिस्त्री म्हणाले, बुंध्याला पाठ लाव, तोंड मावळतीकडं कर आणि चाल. अकराव्या पावलाला वॉल. तो वॉल बंद केला की खालच्या आळीचं पाणी तेवढं तुटतं, बाकी कुणाचं नाही. पण तो बंद करायची वेळच आली नाही. मग रस्ता रुंद झाला, चिंच तोडली, वर डांबर आलं, डांबरावर काँक्रीट आलं. मामा सुट्टीवर होते त्या आठवड्यात. परत आले तर चिंच कुठे होती हेच कळेना. दोन्ही बाजूंची घरंही मागे सरकलेली. येतील त्या प्रत्येक साहेबांना त्यांनी सांगून बघितलं. साहेब म्हणायचे, बघू. कांब लावून बघितली, पण त्या रस्त्यावर दिवसभर गाड्यांची एवढी धडधड की पाण्याचा आवाज कसला येतोय.

"झोप लागत न्हाई पोरी. घराचं दार उघडं ऱ्हायल्यावानी वाटतंय. मी जायच्या आदी त्यो घावला पायजे. मी गेल्यावर कुनाला घावायचा न्हाई."

मीही शोधला. यंत्र घेऊन त्या रस्त्यावर तीन सकाळी घातल्या. पण यंत्र काय सांगणार? ते 'तू इथे आहेस' एवढंच सांगतं. व्हॉल्व्ह कुठे आहे ते त्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं.

रिटायर व्हायला आठ दिवस असताना खालच्या आळीतल्या पिठाच्या गिरणीवाल्या काकू आमच्याकडे चालत आल्या. हातात पाण्याची बाटली. पाणी पिवळट, आणि बूच काढल्यावर नाक धरावं असा वास. कुठेतरी गटाराचं पाणी नळात शिरत होतं. आळीतली दोन पोरं आदल्या रात्रीपासून दवाखान्यात होती, उलट्या आणि जुलाब.

"मामा, तुमीच सांगा," काकू म्हणाल्या, "लेकरान्ला हे कसं पाजू?"

मामांनी बाटली हातात घेतली आणि मला इंजिनिअर साहेबांना फोन लावायला सांगितलं.

इंजिनिअर साहेब तासाभरात आले. माणूस भला, पण कात्रीत सापडलेला. आळीचं पाणी तेवढं तोडायचं तर चिंचेखालचा व्हॉल्व्ह पाहिजे. तो नाही तर मोठी लाइनच बंद करावी लागणार, म्हणजे अर्ध्या भोसरीचं पाणी बंद, त्यात बाळंतिणींचं हॉस्पिटल. आणि चालू ठेवलं तर घाण पाणी मागे सरकून मोठ्या लाइनीत जायची भीती. ते म्हणाले, "मामा, काँक्रीट फोडायची मशीन दुपारी येईल. एक खड्डा मिळेल. दुसरा मागू नका. जागा सांगा."

साहेब गेल्यावर मामा फुटपाथवर बसले. "आता वं?" एवढंच म्हणाले.

आणि तेव्हा मला सुचलं. इतके दिवस सुचलं नाही याची मला आजही लाज वाटते. उपग्रहाचे फोटो दरवर्षी नवे येतात, पण जुने टाकून देत नाहीत. ते साठवलेले असतात, आणि पडद्यावरची एक दांडी मागे सरकवली की वर्षं मागे जातात. मी रोज वापरते ती गोष्ट! मी मामांच्या शेजारी बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि दांडी मागे ओढायला लागले. पांढरं काँक्रीट गेलं, काळं डांबर आलं. उड्डाणपुलाचे खांब गेले. दुकानं गेली, पत्रे कमी झाले, रस्ता बारीक झाला. आणखी मागे. आणि रस्त्याच्या कडेला एक काळपट हिरवा गोल आला, त्याच्याशेजारी त्याचीच सावली पडलेली.

"ही!" मामा ओरडले. "ही बग! हीच! हिच्याखाली डबं खायचो आमी!" त्यांनी पडद्यावर हात ठेवला आणि चित्र परत पळालं. या वेळी आम्ही दोघंही हसलो नाही.

माझ्या अंगावर काटा आला होता. तोडलेलं झाड, ज्याचा बुंधाही राहिला नाही, ते वर आकाशात कुणीतरी जपून ठेवलं होतं. त्याची सावलीसुद्धा.

पण जुन्या चित्राला एक खोड असते, ते जागचं थोडं सरकलेलं असतं. तसंच चाललो असतो तर खड्डा भलतीकडे पडला असता. मी दोन्ही चित्रांत असलेली एखादी वस्तू शोधली. पाण्याची उंच गोल टाकी तेव्हाही होती, आताही आहे. जुन्या चित्रातली टाकी आजच्या टाकीवर बसवली, चिंच आपोआप आजच्या रस्त्यावर आली. मी तिच्या मधोमध पिन टाकली.

आम्ही दोघं गेलो. फोन म्हणाला, पोचलात. भर रस्त्यात, दुभाजकाला लागून. मी खडूने खूण केली, हा बुंधा. मामांनी खडूकडे पाठ केली, मावळतीकडे तोंड केलं आणि मोजत निघाले. गाड्या दोन्ही बाजूंनी चाललेल्या, लोक शिव्या देत चाललेले. अकरा. टाच आपटली. आवाज मुका. कांब लावली, कान लावला, मान हलवली. परत आले, परत मोजलं. परत मुका. तिसऱ्यांदा ते खडूवर येऊन उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

मी त्यांच्या पायांकडे बघत होते. गुडघे वाकत नव्हते. पाय घासत, वीतभर पुढे, वीतभर पुढे.

"मामा, अकरा पावलं कुणाची?"

"कुनाची मंजी? माजी."

"कधीची?"

बाकीचे वॉल रोजचे, त्यांची पावलं गुडघ्यांबरोबर बदलत आली होती; हा तेवढा तरुणपणी एकदाच मोजलेला. मग त्यांची नजर हळूहळू खाली, माझ्या पायांकडे गेली.

"तू चाल," ते म्हणाले. "उंटावानी चाल. जशी रोज चालतीस तशी."

मी खडूकडे पाठ केली. खरं सांगते, चालायला मी वर्षाची असताना शिकले असेन, पण त्या दिवशी पाय कसा उचलायचा ते आठवेना. मामा मागून मोजत होते, मोठ्याने, एक, दोन, तीन. अकराला मी थांबले ती जागा मामांच्या जागेच्या चांगली दहा हात पुढे होती. ते आले. टाच आपटली. आवाज फारसा वेगळा नव्हता, वर एवढं काँक्रीट होतं. पण त्यांनी हात वर केला.

"आळीतल्या समद्यांना नळ सोडाया सांग. पानी पळू दे. आन ह्यान्ला," त्यांनी रस्त्याकडे हात केला, "ह्यान्ला गप कर."

ह्यांना मी कशी गप करणार? भोसरीचा रस्ता, दुपारचे बारा! पण गिरणीवाल्या काकूंनी पदर खोचला. "तुमी कान लावा मामा, मी बगते." त्या आळीत शिरल्या आणि बाहेर आल्या त्या पंधरावीस बायका घेऊन. नळ सोडून, रिकाम्या कळश्या घेऊन आलेल्या. रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या, अर्ध्या इकडे तोंड करून, अर्ध्या तिकडे. शेअर रिक्षा थांबल्या, मागे दुचाक्या, त्यामागे दुपारच्या शिफ्टची बस. एकजण हॉर्न दाबून ओरडायला लागला. काकू त्याच्या तोंडापुढे गेल्या. "लेकरं दवाखान्यात हायत भावा. दोन मिंटं इंजिन बंद कर. पाया पडते."

त्याने बंद केलं. शेजारच्या रिक्षावाल्याने बंद केलं. मग मागच्याने, मग त्याच्या मागच्याने. बसचा ड्रायव्हर खाली वाकून बघत होता, त्यानेही चावी फिरवली. एकेक आवाज विझत गेला, आणि एवढ्या रस्त्यावर शांतता पसरली. कुणाचा तरी फोन वाजला, तो त्याने घाईघाईने दाबून टाकला. मी त्या गावात इतके दिवस हिंडले होते, पण वरून जाणाऱ्या कावळ्याच्या पंखांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

मामा गुडघ्यांवर बसले. त्यांना किती दुखलं असेल ते तेच जाणोत. कांब उभी केली, कान लावला, डोळे मिटले. थोडं डावीकडे. परत कान. वीतभर पुढे. परत कान. आणि मग तो हात वर झाला, नेहमीचा, जणू कुणी बोलतच होतं.

"ये. ऐक."

मी गुडघे टेकले. कांब गरम होती. आधी मला माझ्याच छातीची धडधड ऐकू आली. मग तिच्या खालून एक बारीक, लांब आवाज आला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होते तशी सुरसुर. थांबतच नव्हती ती. काँक्रीटखाली, डांबराखाली, अंधारात पाणी आपल्या वाटेने चाललं होतं, आणि ते नेमकं तिथेच होतं जिथे एका विशीतल्या पोराने अकरा पावलं मोजून त्याला ठेवलं होतं. मला रडू फुटलं. भर रस्त्यात, शेदोनशे लोकांसमोर, मी कांबीला कान लावून रडले.

दुपारी मशीनने काँक्रीट फोडलं. काँक्रीटखाली डांबर, डांबराखाली माती, मातीत लोखंडी झाकण, मामांच्या खुणेपासून चार बोटं बाजूला. चिखल उपसला, चावी आत बसली. एवढ्या वर्षांनी तो फिरेल की नाही याची मला धास्ती होती. मामांनी आधी थोडा उलटा फिरवला, मग सुलटा, थोडा उलटा, थोडा सुलटा, लहान मुलाला उठवावं तसं. आणि तो फिरला. आळीतले नळ बारीक झाले आणि थांबले. एरवी पाणी गेलं की या बायका रस्त्यावर येतात. त्या दिवशी पाणी गेलं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मामांनी चावीच्या मुठीला कपाळ टेकवलं. "घावला," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुजा फोन काय म्हनतोय?"

अग बाई! बटण दाबायचंच राहिलं होतं. मी खड्ड्याच्या काठावर उभी राहिले, भर उन्हात, आणि दाबलं.

दोन दिवसांत गटाराची गळती सापडली. पोरं घरी आली. इंजिनिअर साहेबांनी त्या झाकणाला उंच कडं बसवून ते रस्त्याच्या बरोबरीला आणून घेतलं. मामा ठरल्या दिवशी रिटायर झाले. शाल, नारळ, पेढे. भाषण करा म्हटल्यावर उभे राहिले, "समदं घावलं," म्हणाले आणि खाली बसले.

इकडे माझं एक भांडण चालू होतं. प्रत्येक व्हॉल्व्हच्या नोंदीत 'जवळची खूण' असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, चिंचेपासून अकरा पावलं, तोंड मावळतीकडे, पावलं तरुण माणसाची. तपासणाऱ्याने नोंद परत पाठवली. जागेवर चिंच नाही, फोटोशी जुळत नाही, खूण बदला. मी तशीच परत पाठवली. त्याने परत पाठवली. तिसऱ्यांदा फोन आला, "मॅडम, पिन आहे ना बरोबर? मग कशाला पाहिजे हे?" मी म्हटलं, राहू द्या. चौथ्यांदा त्याने कंटाळून पास केली.

मामा नंतर रावेतला लेकीकडे राहायला गेले. नवव्या मजल्यावर. मी भेटायला गेले तर कांब बाल्कनीत उभी. सोसायटीच्या वॉचमनने लिफ्टमधून न्यायला हरकत घेतली होती म्हणून लेकीने जिन्याने चढवलेली. संध्याकाळी मोटर सुरू झाली तशी मामांनी ती भिंतीला लावली आणि कान दिला. "हितलं पानी वर चडतंय गं. दमल्यावानी वाजतंय." मग मला विचारलं, "आपला चिंचंखालचा कसा हाय?" जसं एखाद्या नातेवाइकाचं विचारावं.

"बरा आहे मामा," मी म्हटलं. "नकाशात आहे."

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. झोपेतच. दहाव्यानंतर लेकीने कांब मला दिली, म्हणाली, त्यांनी सांगून ठेवलं होतं, उंटाला द्या म्हणून. ती आता थेरगावच्या खोलीत दारामागे उभी असते. मैत्रिणी तिच्यावर ओढण्या वाळत घालतात. मला काही म्हणवत नाही, कारण मीही घालते.

परवा सकाळी फोन आला. नंबर अनोळखी. मामांच्या जागी आलेला नवा वॉलमन बोलत होता, माझा नंबर त्याला नोंदीत मिळालेला, बोलण्यावरून बीडकडचा वाटला.

"मॅडम, खालच्या आळीत परत पानी खराब यायलंय. वॉल बंद करायचाय. मी पिनवर उभा हाय, फोन म्हनायलाय पोचलाव. पर रस्त्यावर परत डांबर टाकलंय, झाकन दिसंना. आन हितं तुमी लिवलंय, चिंच." तो जरा थांबला. "मॅडम, हितं चिंच कुठंय?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. चिंच तोडली, जुनं चित्र असतं, दांडी मागे सरकवायची. पण फोनमधून मागच्या गाड्यांची धडधड ऐकू येत होती, त्या दिवसाएवढीच, आणि त्या धडधडीत मला कुणीतरी हात वर केल्यासारखं वाटलं.

"भाऊ, जागेवरच थांबा," मी म्हटलं. "पिठाच्या गिरणीवाल्या काकूंना बोलवा. त्यांना सांगा, गाड्या थांबवायच्यात. त्यांना माहीत आहे. मी येते."

फोन ठेवला, कांबीवरच्या ओढण्या काढून खुर्चीवर टाकल्या आणि ती खांद्यावर घेऊन भोसरीची बस धरायला निघाले.